उसवली की विरली?

प्रश्न : ताई, मोठ्या हौसेनं २१ औंसाची जीन्स घेतली. नवी होती तेव्हा जमिनीवर आपली आपण उभी राहायची. दीड वर्ष होत नाही तोच आसनापाशी फाटली. इतकं जाड कापड फाटतं कसं? मला स्वतःलाही शिवून बघायची आहे. घरच्या मशीनवर जमेल का?

उत्तर : आधी जीन्स उलटी करून उजेडात धरा. दोरा तुटलाय पण कापडाच्या कडा शाबूत आहेत? मग ती फाटली नाही, उसवली. दहा मिनिटांचं काम. पण शिवणीलगतचे निळे उभे धागे झिजून नुसते पांढरे आडवे धागे जाळीसारखे उरले असतील, तर कापड विरलंय. आतून पातळ डेनिमचं ठिगळ लावून वरून मागेपुढे टिपा माराव्या लागतील. ठिगळ जाड लावलंत तर त्याच्या कडेलाच नवं भोक पडतं.

माझा अंदाज, तुमची विरली असणार. औंस हे एका चौरस यार्डाचं वजन. २१ औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ७१० ग्रॅम. रोजच्या जीन्सचं कापड १२ ते १४ औंसांचं असतं. वजन वाढलं की घडी ताठ होते, आणि ताठ घडी चालताना रोज त्याच रेषेवर घासते. त्यात रंग छान उतरावा म्हणून सहा-सहा महिने जीन्स न धुण्याची टूम निघाली आहे. घाम आणि धूळ कापडात बसून पॉलिश पेपरचं काम करतात. धुवा हो! उलटी करून, थंड पाण्यात.

शिवणीचा घोळ वेगळा. पुढचे दोन आणि मागचे दोन भाग आसनाखाली जिथं भेटतात, तिथं दुमडून घातलेल्या दुहेरी शिवणीवर तशीच दुसरी शिवण येते. चार चोक सोळा थर. मी पहिली जाड जीन्स रोजच्या १४ नंबरच्या सुईनं शिवली. त्या गाठीवर सुई वाकली, खालच्या हुकाला दोऱ्याचा फासा सापडला नाही, तीन टाके सुटले. वरून काही दिसलं नाही. पहिल्यांदा मांडी घालून बसले आणि टर्रकन आवाज आला.

आता तिथं हातोडी चालते. आतले थर आधीच पायरी-पायरीनं कमी कापते, मग लाकडी ओंडक्यावर ठेवून, वर चिंधी टाकून, गाठ चपटी होईस्तोवर ठोकते. सुई १८ नंबरची. दोरा पोटात पॉलिस्टर आणि वर सुताचं वेष्टण असलेला. इंचाला आठ टाके. चढावर मशीनचा पाय तिरका होतो, तेव्हा त्याच्या मागच्या टोकाखाली डेनिमच्या घडीची पाचर सारते आणि तेवढे दोन इंच हातानं चाक फिरवत जाते. मोटर बंद.

घरच्या मशीनवर १३-१४ औंस जमेल. २१ला हात घालू नका, हूक आणि सुईचा मेळ बिघडेल. साखळी टाक्यासाठी, म्हणजे एकात एक फासे गुंफणाऱ्या टाक्यासाठी, जीव टाकू नका. तो ताण सोसतो, म्हणून कमरपट्ट्याला उत्तम. पण टोक तुटलं आणि धागा ओढला गेला तर सबंध ओळ उसवते. साध्या टाक्याचं तसं नाही. खिशांच्या कोपऱ्यांना मात्र रिव्हेट, म्हणजे धातूचे छोटे खिळे, हवेतच. १८७३ साली ज्या जेकब डेव्हिसच्या नावानं रिव्हेटचं पेटंट निघालं, तो स्वतः शिंपीच होता. खिसे फाटल्याच्या तक्रारी शिंप्याइतक्या कोण ऐकतो?

प्रश्न : मी शिवलेल्या जीन्सची बाजूची शिवण पहिल्या धुण्यातच गुडघ्यापाशी पुढं आली. बेत चुकला का?

उत्तर : बहुतेक नाही. डेनिमची वीण तिरकी, त्यामुळे धुतल्यावर कापड आपल्या कलानं पिळतं. गिरणीत ते आधीच उलट दिशेनं तिरकं ओढून ठेवतात; तुमच्या कापडावर तो संस्कार झाला नसावा. न आकसवलेलं असेल तर लांबीला ८-१० टक्के आटतंसुद्धा. कापड आधी भिजवून, वाळवून मगच बेता. आणि या जीन्सचा पीळ तसाच राहू द्या. मला तो आवडतो.