थकबाकी भरा, पण आधी सही घ्या

प्रश्न: घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली. फ्लॅट आणि गृहकर्ज दोन्ही आम्हा दोघांच्या नावावर आहे, वाटा निम्मा-निम्मा. हप्ता ४८ हजार, अजून १७ वर्षं बाकी. हप्ते त्यांनी भरायचे असं हुकूमनाम्यात ठरलं होतं, पण पाच महिने भरलेले नाहीत. वीस दिवसांपूर्वी बँकेची सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जासाठी गहाण घर बँकेला विकू देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस आली. बँक एकूण ५३ लाख मागते आहे. एजंटच्या मते फ्लॅटचे ७८ लाख येतील. माझा पगार हातात ६२ हजार. सोन्यावर साडेचार लाख मिळतील. ते भरून घर वाचवू का?

उत्तर: घर ठेवणं तुम्हाला झेपणार नाही. ४८ हजार हप्त्यात गेल्यावर १४ हजार उरतात आणि सोसायटीचा मेंटेनन्सही त्यातूनच द्यायचा. त्यामुळे घर विकावं लागणार. आता ते तुम्ही दोघांनी विकायचं की बँकेने, एवढंच तुमच्या हातात आहे.

तुम्ही विकलंत तर ७८ लाखांतून कर्जाचे ५३ आणि दलाली वगैरे दीड लाख वजा जाऊन साडेतेवीस लाख उरतात, म्हणजे प्रत्येकी पावणेबारा. बँकेच्या लिलावात फ्लॅट समजा ६५ लाखांना गेला आणि तोवर व्याज-खर्चाने देणं ५५ लाखांवर गेलं, तर प्रत्येकी पाच. लिलावात भाव पडतो त्याला कारणं आहेत. फ्लॅट ‘आहे त्या स्थितीत’ विकला जातो, जुनी देणी बहुधा घेणाऱ्याच्या माथी येतात, आणि २५ टक्के लगेच व बाकीचे साधारण १५ दिवसांत भरायचे असतात. कर्ज काढून राहायला घर घेणारं कुटुंब एवढ्या घाईत उतरत नाही.

हुकूमनाम्यातल्या अटीवर मात्र विसंबू नका. ती तुमच्या दोघांतली अट आहे, बँक तिला बांधील नाही. कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या असल्याने बँक सगळी रक्कम तुमच्या एकटीकडूनही मागू शकते, आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरची पत, दोघांचंही बिघडतं. त्यांना विक्रीसाठी तयार करताना हाच मुद्दा पुढे ठेवा.

सोनं गहाण ठेवायला माझी ना नाही. फक्त त्या पैशातून विक्रीसाठी वेळ मिळवायचा आहे हे पक्कं ठेवा. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं. ते पुन्हा नियमित व्हायला मुद्दल आणि व्याजाची संपूर्ण थकबाकी भरावी लागते. बरेच जण इथेच फसतात: जमतील तसे वीस-तीस हजार भरत राहतात, पैसे जातात आणि नोटीस तशीच उभी राहते. तुमचे पाच हप्ते २ लाख ४० हजार होतात, दंड धरून सुमारे २ लाख ६० हजार. ते एकरकमी भरायचे. पण नोटिशीत सगळं कर्ज मागितलेलं असतं, म्हणून आधी शाखेकडून लेखी घ्या की एवढी रक्कम भरल्यावर खातं नियमित होईल आणि नोटीस मागे घेतली जाईल. खातं नियमित असलं की गिऱ्हाइकाला त्याच्या बँकेकडून कर्ज मिळणंही सोपं जातं.

त्याहीआधी त्यांची सही. वकिलाकडून विक्रीचा समझोता करारनामा करून घ्या. त्यात किमान किंमत, विक्रीची मुदत आणि हे वाक्य हवंच: ‘विक्रीपर्यंत जो पक्ष थकबाकी व हप्ते भरेल, त्याने इतर पक्षाच्या वतीने भरलेली रक्कम त्याला विक्रीच्या रकमेतून वाटणीपूर्वी मिळेल.’ हे नसेल तर तुमचे अडीच लाख आणि पुढच्या तीन-चार महिन्यांचे हप्ते सामायिक खर्चात विरून जातील. ते सहीला टाळाटाळ करत असतील आणि हुकूमनाम्यात घर विकण्याची अट असेल, तर अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. ते सही करत नसतील तर न्यायालय त्यांच्या वतीने दस्त करून देऊ शकतं. तशी अट नसेल तर वाटपाचा दावा उरतो, आणि त्याला वर्षं लागतात. सही मिळत नाही तोवर सोनं घरातच राहू द्या.

तारखांचं भान ठेवा. नोटिशीचं पाकीट जपून ठेवा. ६० दिवसांच्या आत लेखी उत्तर द्या. त्यावर बँकेने १५ दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय फ्लॅट विकता येत नाही, म्हणून उत्तरातच विक्रीची परवानगी मागा आणि एजंटचं मूल्यांकन जोडा. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच सगळं देणं फेडून घर सोडवण्याचा हक्क असतो. त्या तारखेनंतर गिऱ्हाईक आणून उपयोग नाही.

गिऱ्हाईक मिळालं की बँकेकडून ‘फोरक्लोजर लेटर’ आणि जमा कागदपत्रांची यादी मागा. नावाने घाबरू नका. या पत्रात कर्ज बंद करायला नेमके किती लागतील तेवढंच असतं. व्याजदर बदलता असेल तर मुदतीआधी फेडण्याचा दंड लागत नाही. बयाणा दोघांत वाटून घेऊ नका, थेट कर्ज खात्यात भरा. गिऱ्हाइकाच्या बँकेचा पहिला चेक तुमच्या बँकेच्या नावे, उरलेल्याचे दोन वेगळे चेक तुम्हा दोघांच्या नावे. किंमत ५० लाखांवर असल्याने १ टक्का टीडीएस कापला जाईल. तो दोघांच्या पॅनवर ३९-३९ हजार दिसतोय ना ते तपासा. भांडवली नफ्याचा कर ज्याने-त्याने आपल्या वाट्यावर भरायचा.

कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं देणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर तिच्यामुळे झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. आणि महिना-दोन महिन्यांनी सिबिल अहवाल काढून खात्यापुढे ‘क्लोज्ड’ लिहिलंय का पाहा. बँक वाटेत कधी तडजोडीने कमी पैशात मिटवू म्हणाली तरी घेऊ नका. ‘सेटल्ड’ हा शेरा पुढचं कर्ज अडवतो, आणि ७८ लाखांचं घर हाताशी असताना त्याची गरजही नाही.