गाणारा नाही, तरी एवढं गोड का?

प्रश्न: बाबांच्या जुन्या कॅसेटमधलं मांतोवानीचं ऑर्केस्ट्रा म्युझिक सारखं ऐकावंसं वाटतं, गाणारं कोणी नाही तरी एवढं गोड का लागतं? – एक वाचक, फोंडा

उत्तर: अहो, सगळी कमाल अरेंजमेंटची, म्हणजे कुठलं वाद्य कधी काय वाजवणार याच्या आखणीची. मांतोवानीच्या ऑर्केस्ट्राच्या १९५१ च्या 'शार्मेन' या धूनसाठी अरेंजर रोनाल्ड बिंजने व्हायोलिनचे गट पाडले, एक गट सूर धरून ठेवतो तोवर दुसरा पुढचा सूर घेतो, मग तिसरा, असे सूर एकमेकांवर सांडत जातात आणि मोठ्या चर्चमध्ये घुमल्यासारखं वाटतं, म्हणून चाल साधी असली तरी कान भरून जातो. याला लिफ्टमधलं, म्हणजे मागे नुसतं वाजत राहणारं, म्युझिक म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. आणि हो, आपल्या गोव्याचे सेबास्टियन डिसोझा शंकर-जयकिशनचे अरेंजर होते, ती गाणी हेडफोन लावून ऐका, मुखडा संपल्यावर मागे व्हायोलिनं काय करतात तिकडे लक्ष द्या.