वरचा मजला बंद, मुलगा भाड्याच्या घरात : वडिलांच्या हयातीत वाटणी मागता येते का?

प्रश्न : माझे वय ३८ असून मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका कारखान्यात नोकरीला आहे. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका आहे. दोन मुलांसह आम्ही कळंबा रस्त्याला दोन खोल्यांत भाड्याने राहतो. माझे वडील (७४) निवृत्त शिक्षक आहेत, आईचे वय ६९ आहे. राजारामपुरीत त्यांचे दुमजली घर असून वरच्या तीन खोल्या कित्येक वर्षे बंद आहेत. लग्नानंतर काही काळ आम्ही तिथेच एकत्र राहत होतो, पण रोजच्या कुरबुरींमुळे बाहेर पडलो. हे घर १९८२ साली बांधताना वडिलांनी भुदरगड तालुक्यातील आजोबांच्या जमिनीतला आपला हिस्सा काकांना विकून आलेले पैसे त्यात घातले होते. आजोबा १९७१ मध्ये वारले. प्रॉपर्टी कार्डावर एकट्या वडिलांचे नाव आहे. आम्ही दोघे मिळवते असूनही शहरात फ्लॅट घेणे आवाक्याबाहेर आहे. घर विकून लहान फ्लॅट घ्यावा आणि उरलेल्या रकमेतून आम्हाला मदत करावी, असे सुचवले तेव्हा वडील म्हणाले, ‘आमच्या पश्चात काय ते करा.’ घर वडिलोपार्जित म्हणून वाटणीचा दावा लावता येईल का? नसेल तर वरच्या मजल्यावर राहायला गेल्यास आमचा हक्क तयार होईल का? बहीण इचलकरंजीत असते, तिला या वादात पडायचे नाही.

उत्तर : स.न.वि.वि.

तुमच्या पत्रातील माहितीवरून वाटणीचा दावा फार कमकुवत दिसतो, आणि वरच्या मजल्यावर नुसते राहायला गेल्याने मालकी हक्क तयार होत नाही. मात्र वडिलांच्या राजीखुशीने कायद्यात बरेच काही करता येते, आणि तुमच्या घराचा प्रश्न सुटायचा असेल तर तो त्याच वाटेने सुटेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी घराच्या स्वरूपाविषयी. आजोबांकडून वडिलांकडे आलेली प्रत्येक मिळकत कायद्याच्या दृष्टीने वडिलोपार्जित ठरत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ मध्ये लागू झाला, आणि त्यानंतर वारलेल्या पित्याची स्वतंत्र मिळकत कलम ८ प्रमाणे मुलाकडे आली तर ती त्या मुलाची स्वतःची, स्वतंत्र मिळकत होते. तिच्यात नातवाला जन्माने हक्क मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने चंदर सेन (१९८६) आणि युधिष्ठिर (१९८७) या निकालांत ही भूमिका घेतली. तुमचे आजोबा १९७१ मध्ये वारले, म्हणजे भुदरगडची जमीन त्यांनी स्वतः खरेदी केलेली असेल, तर वडिलांना मिळालेला हिस्सा, तो विकून आलेला पैसा आणि त्या पैशातून उभे राहिलेले घर हे सर्व वडिलांचे स्वतःचे आहे. अशा घरात वडील हयात असेपर्यंत तुमचा किंवा बहिणीचा कोणताही हिस्सा नाही. पुढेमागे वारस म्हणून मिळेल ही केवळ अपेक्षा आहे, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अशी अपेक्षा विकताही येत नाही.

मात्र जमीन आजोबांकडे कशी आली, हे पत्रात नाही, आणि सारी मेख तिथेच आहे. ती पणजोबांकडून आलेली एकत्र कुटुंबाची जमीन असेल, तर वडिलांच्या हिश्श्यातील काही भाग सहदायिकीचा, म्हणजे मुलांना जन्मतः हक्क देणारा, होता असे म्हणता येईल. आणि तेवढ्या भागाचा पैसा घरात मुरला असेल तर तेवढ्यापुरता युक्तिवाद उभा राहू शकतो. हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र दावा लावणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर येते. कुटुंब एकत्र होते एवढ्यावरून मिळकत एकत्र होती असे न्यायालय गृहीत धरत नाही. जमीन किती रकमेला विकली, त्यातील किती रक्कम बांधकामाला गेली, वडिलांचा पगार आणि कर्ज किती होते, हे चाळीस वर्षांहून जुने हिशेब कागदोपत्री मांडावे लागतील, आणि त्यांची माहिती असलेला मुख्य साक्षीदार म्हणजे तुमचे वडील, जे त्या दाव्यात प्रतिवादी असतील.

समजा, इतके सगळे करून तुम्ही जिंकलात. मुलीचाही सहदायिक म्हणून मुलाइतकाच हक्क आहे, हे उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने आणि विनीता शर्मा (२०२०) या निकालाने पक्के झाले आहे; शिवाय आपल्याकडे लागू असलेल्या हिंदू कायद्याच्या मिताक्षरा पद्धतीत बाप-लेकांची वाटणी होते तेव्हा आईलाही मुलाइतका हिस्सा मिळतो. म्हणजे वडील, आई, तुम्ही आणि बहीण असे चार हिस्से, तेही घराच्या सिद्ध झालेल्या भागापुरते. दिवाणी दावा, अपील आणि पुढे उच्च न्यायालय (त्याचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सुरू झाल्याने मुंबईच्या खेपा वाचल्या, एवढेच) या वाटेने त्या अंशाला पोहोचेपर्यंत तुमची मुले कॉलेज संपवून बाहेर पडलेली असतील. त्याआधी आणखी एक गोष्ट घडेल. नोटीस हाती पडताच वडील मृत्युपत्र करतील. स्वतःच्या मिळकतीचे मृत्युपत्र हवे त्याच्या नावे करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, आणि मृत्युपत्र नसते तर उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आई व बहिणीबरोबर तुम्हाला मिळू शकणारा एक तृतीयांशही त्यात जाऊ शकतो. म्हणून वाटणीची नोटीस पाठवू नका, असे मी आग्रहाने सांगतो.

तुमची तक्रार खोटी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. वडिलांनी एका शिक्षकाच्या पगारावर आणि जमिनीच्या हिश्श्यावर राजारामपुरीसारख्या भागात घर बांधले. आज दोन पगार एकत्र करूनही तुमच्या पिढीला तिथे दोन खोल्या घेता येत नाहीत. कोल्हापूर महानगरपालिका १९७२ मध्ये झाली, हद्दवाढीचा प्रश्न मात्र दशकानुदशके रेंगाळला, नदीकाठचा मोठा भाग पूररेषेत अडकला, आणि बांधण्याजोग्या जागेचे भाव त्या टंचाईने चढत गेले. हे दुखणे खरे आहे, पण त्याला तुमचे वडील कारण नाहीत. ज्या गल्लीत डॉक्टर, औषधाचे दुकान, भाजी आणि हाकेला ओ देणारी शेजारची दारे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, ती गल्ली चौऱ्याहत्तराव्या वर्षी सोडून शहराबाहेरच्या नव्या इमारतीत जाणे हा त्यांच्यासाठी तब्येतीशी आणि सोबतीशी निगडित निर्णय आहे. कायदा तो निर्णय त्यांच्यावरच सोपवतो, आणि ते योग्य आहे असे मी मानतो.

आता वरच्या मजल्याविषयी. वडिलांच्या परवानगीने तुम्ही तिथे राहिलात तर कायद्याने ती केवळ मुभा असते. आईवडिलांच्या स्वकष्टार्जित घरात सज्ञान मुलाला, तो विवाहित असो वा अविवाहित, राहण्याचा हक्क नसून तो त्यांच्या मर्जीने राहतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. त्रास होऊ लागल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली वडील करवीरच्या प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात जाऊ शकतात, आणि योग्य प्रकरणात तिथून घर रिकामे करण्याचा आदेशही होऊ शकतो. हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही. वडिलांना असे संरक्षण आहे हे त्यांनाही ठाऊक असेल, तर ‘एकदा आत आले की निघणार नाहीत’ ही धास्ती कमी होईल आणि तुम्हाला वर येऊ देणे त्यांना सोपे जाईल.

त्यामुळे पहिली मागणी मालकीची नको, फक्त राहण्याची असू द्या. तुम्ही लिहिलेल्या कुरबुरी बहुधा एका स्वयंपाकघरामुळे आणि एका दारामुळे झाल्या असाव्यात. जुन्या घरांत वर जाणारा जिना स्वयंपाकघराच्या किंवा देवघराच्या शेजारून चढतो, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक माणूस खालच्यांच्या दिवसातून जातो. तुमच्याकडेही तसेच असेल तर बाहेरून स्वतंत्र जिना, वर वेगळा ओटा, वेगळा वीज मीटर आणि पाण्याची वेगळी टाकी एवढे झाले तरी अर्धे भांडण मिटेल. मजल्याचा वापर, देखभाल, घरफाळ्यातील वाटा आणि वडिलांनी सांगितल्यास किती महिन्यांत मजला रिकामा करायचा, हे सारे एका लेखी संमतीपत्रात उतरवा. बाहेरून जिना बांधण्यापूर्वी घराचा मंजूर नकाशा मिळवून महापालिकेची परवानगी लागते का, हेही पाहा.

इथे एक मर्यादा कसोशीने पाळा. रंगरंगोटी आणि ओटा इथपर्यंतचा खर्च या संमतीपत्रावर करायला हरकत नाही, परंतु मोठे बांधकाम किंवा त्यासाठी कर्ज काढायचे असेल तर मालकी कागदावर आल्याशिवाय एक रुपयाही घालू नका. वडिलांच्या जागेवर तुमच्या पैशाने बांधलेली भिंतही वडिलांचीच राहते. कायमस्वरूपी बांधकाम केलेल्याची मुभा काढून घेता येत नाही, अशी तरतूद सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६० मध्ये आहे. पण तिचा आधार घ्यावा लागणे म्हणजे पुन्हा वडिलांविरुद्ध न्यायालयात उभे राहणे आहे. बँकही जागेच्या मालकाची सही आणि गहाण यांशिवाय कर्ज देणार नाही.

वडील स्वतःहून तयार झाले तर वरचा मजला आणि जमिनीतील अविभाज्य हिस्सा तुमच्या नावे बक्षीसपत्राने देणे हा सरळ मार्ग आहे. ते नोंदणीकृत हवे आणि त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. राहते घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणी फीची रक्कम दुय्यम निबंधकांकडे आधी विचारून घ्या. तळमजला आईवडिलांच्या नावे तसाच राहू द्या. वडिलांना पूर्ण घर द्यायचे असले तरी दोघांच्याही हयातीपर्यंत राहण्याचा आणि उपभोगाचा हक्क राखून देता येते, आणि असे बक्षीसपत्र वैध असते, हे सर्वोच्च न्यायालयाने रेणिकुंतला राजम्मा (२०१४) या निकालात सांगितले आहे.

मी तुम्हाला सल्ला देत असलो तरी एक कलम तुमच्याविरुद्ध जाणारे सुचवतो. आईवडिलांची देखभाल आणि मूलभूत गरजा मुलगा भागवील या अटीवर ही मिळकत दिली आहे, असे बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा. ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ही अट मोडल्यास बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. अट सिद्ध झाली पाहिजे, असे सुदेश छिकारा (२०२२) निकाल सांगतो, आणि उर्मिला दीक्षित (२०२५) निकालाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला आहे. सांभाळण्याचा तुमचा इरादा पक्का असेल तर या कलमाने तुमचे काहीच जात नाही, आणि वडिलांच्या हातात मात्र काहीतरी राहते. बहिणीची सही कायद्याने आवश्यक नाही. तरीही तिला मसुदा दाखवा, आणि तळमजल्याबाबत तिचा विचार मृत्युपत्रात व्हावा, असे वडिलांना तुम्हीच सुचवा.

मालकी घेण्यापूर्वी आणखी एक हिशेब करा. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी, २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपयांचे व्याज अनुदान मिळू शकते; पण कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसावे, अशी अट आहे. वरचा मजला तुमच्या नावे झाला की ही पात्रता जाते. तुम्हाला पुढे स्वतःचा फ्लॅटच घ्यायचा असेल तर वर नुसते राहून भाडे वाचवणे आणि तो पैसा साठवणे अधिक फायद्याचे ठरेल. तो फ्लॅट एकट्या पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलतही आहे. स्वस्त मिळतो म्हणून घाई मात्र करू नका. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या शहरात पुराचे पाणी कुठवर येते ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा नकाशावर पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये.

घर विकण्याचा विषय वडिलांनी आपणहून काढला, तरच पुढे न्या. तेव्हाही नवा फ्लॅट आईवडिलांच्याच नावे राहील हे पाहा. उरलेल्या रकमेतून वडिलांनी तुम्हाला काही दिले तर त्यावर तुम्हाला आयकर लागत नाही. घराच्या विक्रीवरील भांडवली नफ्याचा हिशेब मात्र विक्रीपूर्वी सनदी लेखापालाकडून करून घ्यावा.

बोलणे घरातच अडले तर दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी अर्ज करा. दरम्यान भुदरगडच्या जमिनीचे जुने सातबारा आणि फेरफार उतारे तहसील कार्यालयातून, घराचे प्रॉपर्टी कार्ड नगर भूमापन कार्यालयातून आणि मंजूर नकाशा महापालिकेतून काढून ठेवा. हे कागद पुढे कोणताही दस्त करताना लागणारच आहेत. बक्षीसपत्राचा मसुदा तयार झाला की आईवडिलांनी तो तुमच्या वकिलाकडून न वाचता स्वतः निवडलेल्या वकिलाकडून वाचून घ्यावा, आणि त्या वकिलाची फी त्यांनीच द्यावी, म्हणजे दस्त दबावाखाली झाला असे उद्या कोणालाही म्हणता येणार नाही.