आई चालते-फिरते, मग २८ दिवस पोटावर सुई कशाला?

प्रश्न : आईचं (वय ६४) मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. सातव्या दिवशी घरी सोडलं. ऑपरेशनपासून २८ दिवस रोज एक, एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅमचं इंजेक्शन पोटावर द्यायला सांगितलंय. आता ती घरात छान चालते. पोटावर काळेनिळे डाग पडलेत. सुया थांबवल्या तर चालेल का? रात्री मावशी तिचे पाय चेपून देते, तेही विचारायचं होतं.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : थांबवू नका. हे इंजेक्शन रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून असतं. चालणं हवंच, पण ते इंजेक्शनची जागा घेत नाही. कॅन्सरमध्ये रक्त मुळातच लवकर गोठतं. त्यात ऑपरेशनची इजा आणि टेबलावर तासन्‌तास निश्चल राहिलेले पाय, म्हणून पोटरीच्या खोल शिरेत गुठळी धरते. टाके निघाले, घरी आलो, म्हणजे हा धोका टळला असं होत नाही. तो काही आठवडे राहतो. शेजारच्या कुणाला हर्नियानंतर एकही सुई लागली नसेल. त्यांच्याशी तुलना करू नका, त्यांचा धोका वेगळा.

डाग बहुतेक वेळा सुई देण्याच्या पद्धतीमुळे पडतात. आईला आडवं झोपवा. बेंबीपासून चार बोटं लांब, जखमेपासून दूर, पोटाच्या बाजूची कातडी चिमटीत धरा. सुई सरळ उभी, पूर्ण आत घाला, औषध सावकाश सोडा आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडू नका. नंतर चोळायचं नाही, इथेच सर्वांची चूक होते. आज डावीकडे, उद्या उजवीकडे. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढत बसू नका. त्यात औषध सांडतं. सिरिंज आणताना उन्हात तापलेल्या स्कूटरच्या डिकीत राहू देऊ नका, फ्रीजरमध्ये तर नाहीच. एखादा डोस चुकला तर त्याच दिवशी आठवताच द्या, पण एका दिवसात दोन कधीच नाही.

दुखलं म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन परस्पर देऊ नका, रक्तस्राव वाढतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर सर्जनना आवर्जून सांगा. तेव्हा डोस बदलावा लागतो.

पाय चेपणं मात्र बंद करा. मावशींची माया खरी, पण पोटरीत गुठळी असलीच तर ती दाबाने सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याऐवजी जाग असताना दर तासाला घोटे वर-खाली दहा-बारा वेळा हलवायला सांगा. गुडघ्याखाली उशी नको, तिने शिरेवर दाब येतो.

एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. शौच काळी झाली किंवा जखमेतून रक्त थांबेना, तरीही तसंच. अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून थेट अपघात विभाग गाठा.