वाचकांचे प्रश्न : भेसळ ओळखणारी हातातली यंत्रे

अन्नातील भेसळ जागच्या जागी ओळखून दाखवणाऱ्या लहान उपकरणांविषयी बरीच पत्रे आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : पदार्थावर नुसता धरला की तो शुद्ध आहे की नाही हे सांगणारा स्कॅनर असतो, असे वाचले. हे खरोखर शक्य आहे का?

उत्तर : काही प्रमाणात शक्य आहे, पण ‘शुद्ध’ म्हणजे काय हे यंत्राला कळत नाही, एवढे आधी लक्षात घ्यावे. अशी बहुतेक उपकरणे निकट-अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशावर चालतात. हा प्रकाश साधारण 780 ते 2500 नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि हातात मावणारी यंत्रे त्यातला एखादा तुकडाच वापरतात. पाणी, स्निग्धांश, प्रथिने आणि साखर यांच्या रेणूंतील बंध या प्रकाशाचा ठरावीक भाग शोषून घेतात आणि परतलेल्या प्रकाशाच्या आलेखावरून प्रत्येकाचे प्रमाण काढता येते. अडचण अशी की हा आलेख टोकदार शिखरांचा नसून एकमेकांवर चढलेल्या पसरट उंचवट्यांचा असतो. नुसत्या डोळ्यांनी त्यातून फारसे काही वाचता येत नाही. म्हणून घटकांचे प्रमाण प्रयोगशाळेत आधीच मोजलेल्या, शक्यतो शेकडो नमुन्यांचे आलेख घेऊन त्यांवरून एक गणिती प्रारूप बांधतात, आणि यंत्र समोरचा पदार्थ त्या प्रारूपाशी ताडून पाहते.

यंत्राची खरी किंमत या नमुनासंग्रहात असते. भिंग आणि दिवा ही त्यामानाने सोपी गोष्ट आहे. संग्रह एका हंगामातल्या, एका जातीच्या धान्यावरून केला असेल, तर दुसऱ्या हंगामातले चोख धान्यही यंत्राला संशयास्पद वाटू शकते. दळण जाड की बारीक, नमुना कोरडा की ओलसर, यानेही आकडा हलतो. शिवाय साधारण एक टक्क्याच्या खालची मिसळ या पद्धतीच्या हाती सहसा लागत नाही. वजन वाढवण्यासाठी केलेली भेसळ सापडते, कारण ती भरपूर केल्याशिवाय करणाऱ्याला परवडत नाही. पण चिमूटभर घातक रंग किंवा कीटकनाशकाचा अंश यंत्राच्या नजरेतून निसटतो. विक्रेता ‘कोणत्याही पदार्थासाठी चालते’ असे सांगत असेल, तर त्याला नमुनासंग्रह कशाचा आहे, एवढा एकच प्रश्न विचारावा.

प्रश्न : आम्ही मध गोळा करतो. आमच्या अपवर्तनमापकावर आकडा उत्तम येतो, तरी एक खेप प्रयोगशाळेने साखरपाकाच्या भेसळीचे कारण देऊन नाकारली. यंत्र बिघडले असेल का?

उत्तर : यंत्र बहुधा ठीक आहे, ते तुमच्या प्रश्नाचे उत्तर देत नव्हते, इतकेच. काचेवर मधाचा थेंब ठेवून झाकण टेकवले आणि उजेडाकडे धरून पाहिले की निळ्या-पांढऱ्या भागांमधली रेघ एका आकड्यावर थांबलेली दिसते. थेंबात प्रकाश किती वाकला, हे ती रेघ सांगते. त्यावरून मधातले पाणी कळते. ते सर्वसाधारणपणे 20 टक्क्यांच्या वर नसावे, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. मात्र मधाइतकाच दाट केलेला साखरेचा पाकही प्रकाश जवळपास तितकाच वाकवतो. मग रेघ वेगळ्या जागी थांबणार तरी कशी? प्रयोगशाळा कार्बनच्या समस्थानिकांचे, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंचे, गुणोत्तर पाहते. ऊस आणि मका ज्या पद्धतीने कार्बन बांधतात, ती मधमाश्या जिथे जातात त्या बहुतेक फुलझाडांपेक्षा निराळी असते, म्हणून त्यांच्या पाकाची भेसळ तिथे उघडी पडते. तांदळापासून केलेला पाक या चाचणीलाही चकवतो. त्यासाठी आणखी वेगळ्या चाचण्या लागतात.

मोजायचे एक आणि त्यावरून समजायचे दुसरे, ही फट भेसळ करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दुधात पाणी घातले की घनता कमी होते, पण साय काढली की ती वाढते. दोन्ही बेताने केले की घनता मोजणारा दुग्धमापी पूर्वीच्याच रेषेवर तरंगतो. याचे भीषण रूप 2008 मध्ये चीनमध्ये दिसले. प्रथिनांचे प्रमाण नायट्रोजन मोजून ठरवण्याची रसायनशास्त्रज्ञ केल्डाल यांची पद्धत 1883 पासून चालत आली आहे. दुधाच्या प्रथिनांत नायट्रोजन सुमारे 16 टक्के असतो, तर मेलामाइन या रसायनात तो जवळपास 67 टक्के. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळले की प्रथिने पुरेशी दिसत. त्या दुधाच्या भुकटीने सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा दगावली.

प्रश्न : बुरशीचे विष तपासण्याच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. दोन रेघा म्हणजे दोष, असेच ना?

उत्तर : येथे उलटे आहे. अशा लहान रेणूंच्या पट्ट्यांवर चाचणीच्या रेघेच्या जागी तेच विष आधीच चिकटवून ठेवलेले असते. रंगीत कण लावलेली प्रतिपिंडे, म्हणजे नेमक्या त्या विषालाच चिकटणारी प्रथिने, द्रवाबरोबर वाहत येतात आणि मोकळी असतील, तर तिथे अडकून रेघ उमटवतात. नमुन्यातच विष असेल, तर प्रतिपिंडे वाटेतच गुंततात आणि रेघ फिकी पडते किंवा उमटतच नाही. म्हणजे दोन ठळक रेघा असल्या, तर विष मर्यादेच्या आत आहे; नियंत्रणाची, म्हणजे पट्टी नीट चालली एवढेच सांगणारी, एकटीच रेघ दिसली, तर धान्य वापरू नये; आणि नियंत्रणाची रेघच नसेल, तर पट्टी टाकून द्यावी. मोठी प्रथिने शोधणाऱ्या काही पट्ट्या नेमक्या याच्या विरुद्ध वाचायच्या असतात, तेव्हा सोबतचा कागद वाचल्याशिवाय पाकीट फोडू नये.

यापेक्षा मोठी चूक मात्र पट्टी बुडवण्याआधीच घडते. बुरशीचे विष ढिगात सारखे पसरलेले नसते. हजारो दाण्यांत मोजकेच दाणे विषारी असतात, पण ते पुष्कळ विषारी असतात. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात सगळीकडे सारखा शिजतो. इथे तसे नाही. पोत्याच्या तोंडाशी हात घालून काढलेल्या मूठभर दाण्यांची चाचणी कितीही काटेकोर केली, तरी ती त्या मुठीपुरतीच. ठिकठिकाणून, वरून, मधून आणि तळातून दाणे घ्यावेत, सगळे एकत्र दळावेत, नीट कालवावेत आणि मग त्यातले थोडे पट्टीसाठी घ्यावे. हे कंटाळवाणे काम आहे आणि म्हणूनच ते टाळले जाते.

प्रश्न : मांस कोणत्या प्राण्याचे आहे, हे जागेवर कळते का?

उत्तर : कळते. कच्च्या मांसासाठी पट्टी पुरते. शिजवल्यावर प्रथिनांचा आकार बदलत असल्याने डीएनए चाचणी अधिक भरवशाची ठरते. 2000 साली जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केलेली लॅम्प ही डीएनए चाचणीची पद्धत साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअस या एकाच तापमानावर चालते, त्यामुळे तिचे यंत्र लहान करता आले. 2013 च्या जानेवारीत आयर्लंडमध्ये गोमांसाच्या बर्गरमध्ये घोड्याचे मांस उघडकीस आले, तेही डीएनए चाचणीनेच, अर्थात प्रयोगशाळेतल्या.

प्रश्न : 95 टक्के अचूक यंत्राने दोष दाखवला, तर माल परत पाठवणे योग्य ठरेल का?

उत्तर : लगेच नाही. समजा, 1000 नमुन्यांपैकी 20 खरोखर भेसळीचे आहेत. दोषी आणि निर्दोष अशा दोन्ही बाबतींत यंत्र 95 टक्के बरोबर असेल, तर ते 20 पैकी 19 पकडेल. पण उरलेल्या 980 चांगल्या नमुन्यांपैकी 49 वरही बोट ठेवेल. म्हणजे दोषी ठरलेल्या 68 मध्ये 49 निर्दोष. भेसळ जितकी विरळ, तितके हे प्रमाण अधिक बिघडते. तरीही यंत्र निरुपयोगी नाही, कारण 1000 ऐवजी 68 नमुनेच प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. ते पाठवताना प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करावेत, दोन्हींवर तारीख, खेप आणि सह्या घालून मोहोर लावावी आणि एक भाग पुरवठादारासमक्ष आपल्याकडे ठेवावा. वाद झाला, तर यंत्राच्या पडद्यावरचा आकडा नव्हे, तर हाच मोहोरबंद भाग पुन्हा तपासता येतो.