‘लँड ऑफ माइन’ बघितल्यापासून डोक्यात राहिलेली मोजणी

तुम्ही विचारलंय की असा कुठला युद्धविरोधी सिनेमा आहे जो बघून झाल्यावर कितीतरी दिवस डोक्यातून गेला नाही, आणि का. माझं उत्तर ‘लँड ऑफ माइन’. २०१५ चा, डॅनिश आणि जर्मन भाषेतला, दिग्दर्शक मार्टिन झांडव्लिट, २०१७ च्या ऑस्करला परदेशी भाषेतल्या सिनेमांत नामांकन होतं. मूळ डॅनिश नावाचा अर्थ ‘वाळूखाली’, आणि मला तेच नाव जास्त पटतं. खाली शेवटापर्यंत सगळं सांगितलंय, त्यामुळे बघायचा असेल तर आधी बघून या.

मे १९४५. डेन्मार्क पाच वर्षांनी जर्मनांच्या तावडीतून सुटलाय. दोस्त राष्ट्रांचं सैन्य समुद्रातून उतरेल या भीतीने जर्मनांनी पश्चिम किनाऱ्यावर लाखो सुरुंग पेरून ठेवले होते, ते आता काढायचे कोणी? तर ज्यांनी पेरले त्यांच्याच सैनिकांनी, असं ठरतं. ऐकायला अगदी रास्त वाटतं, मलाही वाटलं, पहिली वीस मिनिटं मी पूर्ण डॅनिश लोकांच्या बाजूने होतो. पण शेवटी शेवटी जर्मनीने शाळकरी वयाची पोरंही भरती केली होती आणि कैदी म्हणून समोर येतात ती हीच. डॅनिश सार्जंट रासमुसेनच्या ताब्यात अशी १४ पोरं येतात. एका किनाऱ्यावर ४५,००० सुरुंग, ताशी सहा काढायचे, तीन महिन्यांत झालं की घरी जा. बस एवढाच सौदा. पोरांना जेवण नीट नाही, रात्री झोपडीला बाहेरून अडसर, आणि दिवसभर वाळूत पालथं पडून, खाली सुरुंग लागतोय का बघायला हातातली सळई हळूहळू खुपसत पुढे सरकायचं.

मी हा सिनेमा दुसऱ्यांदा बघितला तो साताऱ्याला मामांबरोबर. मामा बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातले, खडकीला ट्रेनिंग झालेलं, आणि संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००१-०२ ला आपण राजस्थान-पंजाब सीमेवर जे सुरुंग पेरले ते नंतर उचलायला जे गेले त्यांत तेही होते. मामा सिनेमा बघताना एरवी झोपतात. यावेळी सळईचा सीन आला आणि ते खुर्चीत पुढे सरकून बसले, म्हणाले मागे घे जरा. मागे घेतला. मग स्वतःचा हात तिरका धरून दाखवला, सळई अशी आडवी-तिरकी घालायची, म्हणजे सुरुंगाच्या कडेला लागेल, वरून सरळ दाबली तर दाब वरच्या बाजूला येतो आणि तिथंच तर तो उडायची सोय असते. आम्हाला हे शिकायला कितीतरी महिने दिले होते रे, म्हणाले, अंगावर काय घालायचं, कुठं थांबायचं, थकलास तर उठून मागे ये, सगळं ठरलेलं. या पोरांना कोण सांगणार थकलास तर मागे ये म्हणून?

बॉम्बे सॅपर्समध्ये भगतसाहेबांची गोष्ट प्रत्येक रिक्रूटला सांगतात. प्रेमिंद्रसिंग भगत, बॉम्बे सॅपर्सबरोबर होते, १९४१ ला ॲबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेत चार दिवसांत १५ ठिकाणचे सुरुंग काढत सुमारे ५५ मैल रस्ता मोकळा केला, गाडी दोनदा उडाली तरी थांबले नाहीत, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा वय २२. मामा म्हणाले, तो गडी अधिकारी होता, शिकलेला होता, आपण काय करतोय ते त्याला ठाऊक होतं. ही पोरं नुसती भ्यालेली आहेत. काम तेच, पण एकाने पत्करलेलं आणि दुसऱ्यावर लादलेलं, यातला फरक मला त्या वाक्याने जेवढा कळला तेवढा सिनेमावरचं काही वाचून कळला नव्हता.

कायद्याचंही सांगतो कारण कमेंटमध्ये हा मुद्दा येतोच. १९२९ च्या जिनिव्हा करारातही युद्धकैद्यांना धोक्याच्या कामाला लावायला बंदी होती. म्हणून यांना युद्धकैदी न म्हणता शरण आलेले शत्रूसैनिक म्हटलं गेलं, शब्द बदलला आणि काम करून घेतलं. १९४९ च्या करारात मग स्पष्टच लिहिलं की सुरुंग काढणं हे धोक्याचं काम, कैदी स्वतःहून तयार असेल तरच.

सिनेमात जुळे भाऊ आहेत, एर्न्स्ट आणि वेर्नर. घरी जाऊन गवंडीकाम करायचं म्हणतात, सगळं पडलंय तर काम भरपूर मिळेल. वेर्नर एका स्फोटात जातो. जातो म्हणजे उरतच नाही काही, आणि एर्न्स्ट त्याला शोधत राहतो. शेजारच्या शेतावर एक बाई आहे, पोरांनी भुकेपोटी तिच्याकडचं जनावरांचं खाद्य चोरून खाल्लं, त्यात उंदरांची घाण होती, पोरं ओकून ओकून आडवी झाली तेव्हा ती बाई खूश झाली होती. तिचीच लहान मुलगी सुरुंगांमध्ये जाऊन बसते तेव्हा तिच्यापर्यंत एर्न्स्ट चालत जातो. मुलगी सुखरूप परत येते. तो मात्र मागे वळत नाही, न काढलेल्या वाळूकडे चालत जातो. हा सीन आला आणि मी उठून पाणी प्यायला गेलो, खरं सांगतो, दोन्ही वेळा.

बाईचा राग मला खोटा वाटत नाही. पाच वर्षं सोसलेलं असतं तिने. पण तो राग ज्यांच्या डोक्यावर फुटला त्यांनी तिचं काहीच केलेलं नव्हतं, आणि रासमुसेनचंही तेच. पहिल्याच सीनमध्ये तो एका कैद्याला रक्तबंबाळ होईस्तोवर मारतो, आणि त्याच माणसाला पुढे या पोरांसाठी ब्रेड चोरून आणताना बघून मला बरं वाटलं, मग त्याचा कुत्रा सुरुंगावर मरतो आणि तो परत पहिल्यासारखा होतो, एखादा सुरुंग राहिला नाही ना हे बघायला पोरांनाच साफ केलेल्या वाळूवरून एका रांगेत चालायला लावतो. माणूस एकदा सुधारला की सुधारला असं दाखवलेलं नाही हे मला फार आवडलं.

काम जवळजवळ संपलेलं असताना पोरं निकामी केलेले सुरुंग ट्रकमध्ये चढवत असतात, त्यात एक जिवंत राहून गेलेला असतो. १४ पैकी चार उरतात. सळईच्या सीनला मामा बोलले ते बोलले, त्यानंतर तोपर्यंत एक शब्द काढला नव्हता. ट्रकचा सीन झाल्यावर एवढंच म्हणाले, आम्ही उचललेला प्रत्येक सुरुंग वहीत लिहायचो, आणि पेरलेला आकडा आणि उचललेला आकडा जुळला नाही की रात्री झोप लागत नसे.

उरलेल्या चौघांना घरी नाही, दुसऱ्या किनाऱ्यावर पाठवतात. रासमुसेन त्यांना तिथून सोडवून जर्मन सीमेजवळ आणतो, सीमा ५०० मीटरवर आहे, पळा म्हणतो. पोरं पळतात, एकजण थांबून मागे बघतो, मग तोही पळतो.

शेवटची अक्षरं पडद्यावर येत होती तेव्हा मामांनी चष्मा काढला आणि विचारलं, चारही गेले ना पलीकडे? दाखवलं नाही नीट. मी म्हटलं गेले असतील. ते म्हणाले, परत लाव, मोजतो. आम्ही परत लावून चौघं मोजले.