जळगाव-धुळे थर्ड स्ट्राइक: 100 एमबीपीएस असूनही ऑनलाइन मॅच का अडखळते?

भाऊ, 100 एमबीपीएसचा इथे काही उपयोग नाही, पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) स्थिर हवा. थर्ड स्ट्राइक हा फायटिंग गेम सेकंदाला 60 फ्रेम चालतो, म्हणजे एक फ्रेम जेमतेम 16.67 मिलिसेकंद. रोलबॅक नेटकोड, म्हणजे समोरच्याची चाल अंदाजाने दाखवून चुकली तर मागे जाऊन सुधारणारी पद्धत, स्थिर 50 मिलिसेकंदांचा पिंग सहज झाकतो. पण वायफायवर तोच 30 वरून 120 वर उडाला की गेममधला फायटर केन इथला तिथे टपकतो. खेळणाऱ्या दोघांनीही राउटरपासून कॅट-5ई (लॅन) केबल लावा, एकट्याने लावून भागत नाही.

मग पीएस4 (प्लेस्टेशन 4) च्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क टेस्ट करा. नॅट टाइप 3 (सगळ्यात कडक प्रकार) आला तर समोरच्याशी थेट जोडणी अडते. इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याचं सीजीनॅट (अनेक ग्राहकांना मिळून एकच पब्लिक आयपी) असेल तर राउटरवर पोर्ट उघडून फायदा शून्य, त्याच्याकडे स्वतःचा पब्लिक आयपी मागा. दोघांच्या इंटरनेट कंपन्या वेगळ्या असल्या तर धुळ्याचं डेटा पॅकेट मुंबईला वळसा घालूनही येऊ शकतं. बटण दाबल्यावर चित्र उशिरा दिसू नये म्हणून टीव्हीचा गेम मोडही चालू करा, तो बहुतेक विसरतात.